दाजी पत्र्यावरून पडले, ठेकेदार म्हणतो "बेल्ट लावला नव्हता". भरपाई मिळते का?

वाठारकर (जुलै २०२५)

नमस्कार मंडळी, मी इथं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे दाजी, वय ३५, पत्र्याची कामं करतात. शेडचे पत्रे बदलणं, गळती काढणं, पन्हाळी बसवणं असली. आठ-नऊ वर्षं झाली, भोसरी-चाकण पट्ट्यात एकाच ठेकेदाराकडं आहेत. यंदा पाऊस मे महिन्यातच आला त्यामुळं गळतीच्या कामांची नुसती घाई चाललेली, त्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात एका कंपनीच्या शेडवर जुने सिमेंटचे पत्रे बघायला चढले आणि पत्रा फुटून सरळ खाली. बावीस फूट. खाली मशीन नव्हतं म्हणून वाचले असं सगळे म्हणतायत. मणका फ्रॅक्चर, ऑपरेशन करून रॉड टाकलेत, डावा पाय नीट उचलत नाही, वॉकर धरून चार पावलं टाकतात. ताई त्यांना घेऊन गावी आलीय, दोन पोरं शाळेत आहेत.

ठेकेदारानं दवाखान्यात सुरुवातीला ८० हजार भरले, ते मान्य करतो, पळून नाही गेला. पण आता म्हणतो दीड लाख देतो, ५०० च्या स्टँपवर लिहून द्या की पुढं कसलीही तक्रार नाही. कारण काय तर बेल्ट दिला होता, तुम्ही लावला नाही, चूक तुमची. कंपनीत गेलो तर गेटवरच सांगितलं आमचा माणूसच नाही, ठेकेदाराला विचारा. दाजींना ७०० रुपये रोज होता, सगळा रोखीत, अपॉइंटमेंट लेटर वगैरे कधी बघितलंच नाही. ताई म्हणते घेऊन टाकू दीड लाख, निदान पोरांची फी भरता येईल. काय करावं?

रिकामटेकडा

वाईट झालं, लवकर बरे होवोत. पण कटू वाटलं तरी बोलतो, बेल्ट दिलेला असताना लावला नाही तर ठेकेदारानं तरी काय करायचं? उद्या मी हेल्मेट न घालता पडलो तर आरटीओवर केस टाकू का? कोर्टात दहा वर्षं जातात, वकील निम्मे खातो. देतोय तर घ्या.

सेफ्टीवाला

रिकामटेकडा, मी या लायनीत वीस वर्षं आहे, "बेल्ट लावला नव्हता" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझा एकच प्रश्न असतो, लावून हुक कशाला अडकवणार होता? सिमेंटच्या पत्र्यावर उभं राहून बघा, आजूबाजूला नुसता पत्राच पत्रा. खालची पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा बार, वरून हाताला लागत नाही. जोपर्यंत शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वायर रोप ताणून लाइफलाइन बांधलेली नाही तोपर्यंत कमरेला बेल्ट असला काय नसला काय, तो नुसता दागिना. वाठारकर, दाजींना हेच विचारा, लाइफलाइन होती का? आणि पत्र्यावर फळ्या टाकल्या होत्या का?

जुना सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो पण उन्हापावसानं आतून पापड झालेला असतो. जुने कारागीर पोरांना शिकवतात बोल्टच्या लायनीवरच पाय ठेव, कारण तिथं खाली पर्लिन असते. पण शेवाळ धरलेलं असलं, बोल्टवर डांबर फासलेलं असलं, तर लाइन दिसतच नाही. त्याहून वाईट म्हणजे उजेडासाठी मधेमधे बसवलेले फायबरचे पत्रे, त्यावर धूळ बसली की सिमेंटच्या पत्र्यात ओळखूच येत नाहीत. म्हणून असल्या छतावर पाय थेट ठेवायचाच नाही, दोन पर्लिनवर टेकेल अशी लांब फळी किंवा शिडी टाकायची आणि तिच्यावरूनच चालायचं, ही काय माझी कल्पना नाही, फॅक्टरीच्या नियमांतच आहे. शिवाय कारखाना कायद्याचं कलम ३२ सांगतं की माणूस पडेल अशा उंचीवर काम असेल तर कठडा लावून किंवा इतर काही करून, शक्य असेल तेवढं, तो सुरक्षित राहील अशी सोय करायची. कामगारानं जपून चालावं असं त्यात म्हटलेलं नाही, आणि ती जबाबदारी फॅक्टरीवाल्यावर आहे. ठेकेदाराचं नाव तिथं येतच नाही.

आणि बेल्टबद्दल अजून एक, कारण लोकांना वाटतं बेल्ट लावला की देव भेटला. नेहमीची दोरी १.८ मीटरची, तिच्यावरचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर झटका बसला की उसवत जाऊन आणखी दीड-पावणेदोन मीटर खातो, त्यात पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंतची माणसाची उंची धरा, वर थोडं अंतर शिल्लक पाहिजे, सगळं मिळून सहा मीटरच्या आसपास जातं. म्हणजे वीस फूट. पहिल्या मजल्याच्या परांचीवर ही दोरी पायाशी अडकवली तर माणूस आधी जमिनीवर आपटणार आणि मग बेल्ट ताणला जाणार! तिथं कठडाच लागतो. बेल्ट हा शेवटचा उपाय आहे, आपल्याकडं पहिला आणि एकमेव असतो.

वाठारकर

@सेफ्टीवाला दाजींना विचारलं. लाइफलाइन नव्हती. फळ्या दोन होत्या पण त्या खालच्या बाजूला सामान चढवायला वापरलेल्या. बेल्ट तीन होते, माणसं सहा. आणि फुटला तो फायबरचाच पत्रा होता. तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवलं तर बराच वेळ गप्प बसले.

काळा_कोट

वाठारकर, आधी एकच सांगतो, सही करू नका. ताईंनाही सांगा अंगठासुद्धा नाही.

आता सविस्तर. तुमची केस कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ खाली येते, जुने लोक त्याला वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणतात, २०१० पासून नाव बदललं. या कायद्याचा पाया असा की चूक कोणाची हे आधी विचारतच नाहीत. काम करताना, कामामुळं अपघात झाला का? झाला. मग मालक देणं लागतो. कामगाराचा निष्काळजीपणा हा बचावच नाही. अपवाद फार थोडे आहेत, दारूच्या नशेत असेल, सुरक्षेसाठीचा स्पष्ट हुकूम किंवा नियम जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं असेल. जाणूनबुजून हे मालकानं सिद्ध करायचं. सहा माणसांत तीन बेल्ट आणि हुक अडकवायला जागा नाही, यात हुकूम कुठला आणि मोडला कुठला? आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे अपवादही चालत नाहीत, भरपाई द्यावीच लागते.

रक्कम किती ते बघा. पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणं ठरलेला आकडा. पगार कितीही असला तरी हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात (जानेवारी २०२० पासून, त्याआधी ८,००० होते). दाजींचा ७०० रोज म्हणजे २६ दिवसांचे १८,२००, म्हणजे १५,००० धरू. ३५ वयाचा आकडा १९७.०६. करा गुणाकार, ९,००० गुणिले १९७.०६ = १७,७३,५४०. दवाखान्याचा खरा खर्च वेगळा, बिलं सांभाळून ठेवा. दीड लाख कुठं आणि हे कुठं!

रिकामटेकडा

पण ते चालतायत ना थोडंफार, मग पूर्ण अपंगत्व कसं? डॉक्टर ४०-४५ टक्केच लिहून देणार.

काळा_कोट

बरोबर बोट ठेवलंत, भांडण इथंच होणार. ४५ टक्के धरले तर ७,९८,०९३ होतात, ते पण दीड लाखाच्या पाचपट. पण हा कायदा शरीराचे टक्के मोजत नाही, कमावण्याची ताकद किती गेली ते मोजतो. सुप्रीम कोर्टाचा प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबत हा १९७६ चा निकाल बघा. सुतार होता, सिनेमा थिएटरमध्ये सजावटीचं काम करताना पडला, डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला एकच हात गेलाय, अपंगत्व अर्धवट धरा. कोर्ट म्हणालं एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणजे पूर्ण अपंगत्व. तसंच इथं, पत्र्यावर चढणारा माणूस वॉकरवर आला तर त्याचा धंदा शंभर टक्के गेला. डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेताना हे लिहून घ्या की उंचीवरचं आणि ओझ्याचं काम ते परत करू शकत नाहीत. नुसता टक्क्यांचा आकडा आणू नका.

त्याच निकालात असंही आहे की भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणं लागते, कोर्टानं हुकूम केल्यावर नाही. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. १७.७३ लाखावर व्याजच महिन्याला सतरा हजार सातशे होतं. दहा वर्षं जातात म्हणणाऱ्यांनी हा हिशोब पण करावा, आणि हे ठेकेदाराला शांतपणे ऐकवावं.

निवांत

बाकी काही असो, दहीहंडीला गोविंदांचा विमा काढतो आपण, वरच्या थरावरून पडून जीव गेला तर १० लाख जाहीर होतात. वर्षभर परांचीवर उभा असतो त्याचा कोण काढतो? (चालू द्या, विषयांतर.)

गिलावा_कोबा

मी ठेकेदार आहे, छोटा, बाराएक माणसं, आता हाणा मला 😀

पण माझी बाजू पण ऐका. बेल्ट मी दहा घेतले होते, सहा महिन्यांनी तीन उरले, दोन तर सिमेंटच्या गोण्यांखाली सापडले. माणसं म्हणतात शेठ बेल्टमध्ये काम सरत नाही. आणि खरंच सरत नाही, कारण काम उक्तं आहे, फुटावर पैसे. दर चार पावलांना हुक काढ, हुक लाव, तेवढ्यात शेजारचा दोन फूट पुढं गेलेला असतो. रोजावर ठेवलं तर लावतात, हे मी करून बघितलंय. पण रोजावर ठेवलं की माझा रेट वाढतो आणि कंपनी कमी रेटवाल्याला काम देते, कोटेशनमध्ये लाइफलाइन आणि जाळीचा वेगळा आकडा टाकला की परचेसवाला पहिला तोच खोडतो. म्हणजे बघा, वाचवलेले पैसे कंपनीचे आणि पडलेला माणूस माझा!

२०१९ ला माझा एक बिगारी लिफ्टच्या डक्टमध्ये गेला. भोकावर प्लाय टाकलेला होता पण ठोकलेला नव्हता. त्यानं तो प्लाय उचलला, दोन्ही हातात धरून पुढं पाऊल टाकलं, प्लायमुळं पुढचं दिसतच नव्हतं, आणि गेला आत. एक मजला खाली, हात मोडला, जिवावर बेतलं नाही एवढंच. तेव्हापासून प्रत्येक प्लायवर "खाली भोक आहे" असं लाल रंगानं लिहितो आणि चार खिळे मारतो, आणि तेव्हापासून कामगारांची पॉलिसी पण काढतो. नावं नाही दिली तरी चालतं, गवंडी इतके बिगारी इतके असं दिलं तरी निघते, आणि प्रीमियम एका अपघाताच्या मानानं काहीच नाही. वाठारकर, तुमच्या ठेकेदाराची पॉलिसी असेल कदाचित, मोठ्या कंपन्या त्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. विचारा. कधीकधी ठेकेदारालाच माहीत नसतं की यातून पैसे मिळतात, कागद गेटवर द्यायचा म्हणून काढलेला असतो.

सेफ्टीवाला

@गिलावा_कोबा उक्त्याचं एकदम बरोबर. रेट तसाच ठेवायचा आणि वर जपून काम करा म्हणायचं हे ढोंग आहे. प्लायचा अपघात तर दर साइटवर एकदा तरी होतोच.

मस्कतवाला

आमच्याकडं परांचीला टॅग असतो. हिरवा म्हणजे चढा, लाल म्हणजे हात पण लावू नका, खाली तपासणाऱ्याची सही आणि तारीख. आठवडा झाला की परत तपासायची. तेच बिहारचे, तेच आपल्याकडचे कामगार, इथं हिरवा टॅग बघितल्याशिवाय चढत नाहीत. गावी सुट्टीवर आलो की तीच माणसं काथ्यानं बांधलेल्या बांबूवर चपला घालून नाचतात.

आजोळ

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझे बाबा गवंडी होते. मी नववीत होते. तिसऱ्या मजल्यावर बाहेरून गिलावा करताना परांचीचा बांबू सुटला. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. तेराव्याला मुकादम आणि इमारतीचा मालक दोघं घरी आले, चाळीस हजार आईच्या पदरात टाकले आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. आई त्यांना चहा करून देत होती. आम्हाला वाटलं देवमाणूस. कायदा आहे, कोर्ट आहे हे कुणीच सांगितलं नाही, नातेवाईक पण म्हणाले बरे दिले, कोण देतं. मी पुढं शिकले, नोकरीला लागले, ऑफिसमध्ये एकदा हा कायदा वाचला तेव्हा आठ वर्षं होऊन गेली होती. बाबा ३८ चे होते. हिशोब करून बघितला होता मी तेव्हा. इथं लिहीत नाही.

वाठारकर, ताईंना माझा हा प्रतिसाद वाचून दाखवा.

काळा_कोट

@आजोळ वाईट वाटलं वाचून. हे किती घरांत झालं असेल. मृत्यू झाला असेल तर भरपाईची रक्कम कुटुंबाच्या हातात द्यायचीच नाही, कमिशनरकडं, म्हणजे आपल्याकडं लेबर कोर्टात, जमा करायची आणि तिथून वारसांना वाटप होतं, असं कलम ८ आहे. थोडी उचल सोडली तर परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरतच नाहीत. कायदा करणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच हे तेराव्याचे मुकादम ओळखले होते.

आणि वाठारकर, स्टँपबद्दल पण तसंच आहे. हक्क सोडून दिला असा करार कलम १७ प्रमाणं बाद. तडजोड करायचीच तर ती कमिशनरकडं नोंदवावी लागते, रक्कम फारच कमी वाटली तर ते नोंदवायला नकार देऊ शकतात, आणि नोंदवली नाही तर मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी तशीच राहते. तरी सही करू नका म्हणतो कारण एकदा कागद झाला की तो कोर्टात पुढं येतो आणि दोन-तीन तारखा त्यातच जातात.

दावा दोन वर्षांच्या आत टाकायचा. पुण्याला यायची गरज नाही, तुम्ही राहता त्या भागातल्या लेबर कोर्टात टाकता येतो. प्रतिवादी म्हणून ठेकेदार, कंपनी दोघं, आणि पॉलिसी सापडली तर विमा कंपनी. कंपनी म्हणते आमचा माणूस नाही, पण कलम १२ नुसार आपल्या धंद्यासाठी ठेकेदार लावला तर मूळ मालकही देणं लागतो, नंतर त्यानं ठेकेदाराकडून वसूल करावं, ती त्यांची आपसातली भानगड. फॅक्टरीच्या शेडची दुरुस्ती कंपनीच्या धंद्याचा भाग नाही असं ते म्हणतील, म्हणू दे, बाजू मांडता येते.

पुरावा जमवा लगेच. गेटवर नाव लिहिलेलं रजिस्टर, दवाखान्याच्या एमएलसीचा (अपघाताची पोलिसांसाठी होते ती नोंद) नंबर, डिस्चार्ज कार्ड, व्हॉट्सअ‍ॅपवर ठेकेदारानं कामाचा पत्ता पाठवला असेल तो मेसेज, खर्ची कधी फोनपे केली असेल तर ती एंट्री, सोबतच्या दोघांचे जबाब. रोखीचा पगार असला म्हणून काही अडत नाही.

एक मात्र आधी तपासा. कंपनीला किंवा ठेकेदाराला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होता का? दाजींचा पगार २१,००० च्या मर्यादेच्या आत होता, लागू असेल तर रस्ता बदलतो, मग भरपाई ईएसआयकडून, पेन्शनसारखी दरमहा, आणि या कायद्याखाली वेगळा दावा चालत नाही. ती काही वाईट नाही. पण चुकीच्या दारात दोन वर्षं उभं राहू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कामगार आणि अपंग व्यक्तीला फुकट वकील मिळतो. आणि टक्केवारीवर काम करतो म्हणणारे एजंट दवाखान्याच्या बाहेरच भेटतील, त्यांना लांबून नमस्कार.

वाठारकर

डोकं सुन्न झालं पण धीर आला. ताईला सगळं वाचून दाखवलं, आजोळ ताईंचं वाचताना ती उठून आत गेली. स्टँप परत पाठवला. बांधकाम कामगार मंडळाकडून काही मिळतं का? दाजींचं कार्ड आहे पण तीन वर्षं रिन्यू केलेलं नाही.

सेफ्टीवाला

कार्ड चालू असतं तर कामावर मृत्यूला वारसाला ५ लाख आणि ७५ टक्के किंवा जास्त अपंगत्वाला २ लाख अशा योजना आहेत मंडळाच्या, मुलांना शिष्यवृत्ती पण असते. बंद कार्डावर अवघड आहे. ज्यांची चालू आहेत त्यांनी दर वर्षी रिन्यू करा रे बाबांनो, ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो तेवढाच व्याप. हा पैसा काय सरकारची मेहेरबानी नाही, बांधकामाच्या खर्चावर १ टक्का सेस गोळा करतात त्यातूनच येतो.

सेक्रेटरी_बी_विंग

धागा वाचून घाम फुटला. आमच्या सोसायटीचं सात मजली बिल्डिंगचं बाहेरून पेंटिंग चालू आहे, झुल्यावर दोन पोरं असतात. उद्या काही झालं तर सोसायटी अडकते का? ठेकेदारानं करारात "अपघाताची जबाबदारी सोसायटीची नाही" असं लिहून दिलंय.

काळा_कोट

ते वाक्य तुमच्या आणि ठेकेदाराच्या मधलं आहे, झुल्यावरच्या पोरावर ते बांधील नाही. सोसायटी म्हणजे धंदा आहे का यावर वाद घालता येतो, कलम १२ मध्ये धंद्यासाठी असा शब्द आहे म्हणून. पण तुम्ही माणूस थेट रोजावर लावलात तर तुम्हीच मालक, कारण एका मजल्याहून उंच किंवा छताच्या टोकापर्यंत १२ फूट असलेल्या इमारतीचं दुरुस्तीकाम या कायद्याच्या यादीत आहे, आणि काम तात्पुरतं होतं हा बचाव २००० सालच्या दुरुस्तीत काढून टाकलाय. आणि भरपाई सोडा, माणूस मेला तर पोलीस कमिटीला बोलावणारच, निष्काळजीपणानं मृत्यू म्हणजे न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. काम थांबवा, पॉलिसीची कॉपी मागा, तारीख बघा, त्यात उंचीची मर्यादा लिहिली असेल तर ती पण बघा.

सेफ्टीवाला

आणि गच्चीवर जाऊन झुल्याची दोरी कशाला बांधलीय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधलेली बघितलीय. झुल्याची दोरी वेगळी आणि माणसाच्या बेल्टची दोरी वेगळी, दोन वेगळ्या जागी बांधलेली पाहिजे. एकाच ठिकाणी असतील तर दोन्ही बरोबरच येणार खाली.

सेक्रेटरी_बी_विंग

आत्ता जाऊन आलो. डिशच्या स्टँडला बांधली होती. काम बंद केलंय. मेंबर लोक भांडतायत दिवाळीच्या आत रंग पाहिजे म्हणून.

वाठारकर (डिसेंबर २०२५)

मंडळी, बरेच दिवसांनी आलो. काय काय झालं ते सांगतो.

ईएसआय कुणाकडंच लागू निघाला नाही, ठेकेदाराकडं माणसंच कमी आणि कंपनी पण छोटी. सप्टेंबरमध्ये दावा टाकला, विधी सेवा प्राधिकरणातून वकीलबाई मिळाल्या, चांगल्या आहेत, फोन उचलतात. पॉलिसी निघाली! गिलावा_कोबा म्हणाले तसंच, ठेकेदारानं गेटवर दाखवायला काढलेली. विमा कंपनीनं उत्तर दिलंय की पॉलिसीत चार माणसं दाखवली होती आणि छतावर सहा होती, म्हणून आम्ही बांधील नाही. वकीलबाई म्हणतात लढू.

पण खरी गंमत पुढंच आहे. दाजींच्या जोडीदाराच्या मोबाइलमध्ये त्या दिवसाच्या वर्क परमिटचा, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीच्या कागदाचा, फोटो सापडला. कंपनीच्या मेंटेनन्सवाल्याची सही आहे. त्यावर छापील रकाने, लाइफलाइन आहे का, फळ्या टाकल्या का, खालची जागा अडवली का, आणि सगळ्यांपुढं एकाच पेनानं एकाच झटक्यात टिकमार्क. वेळ सकाळची ९.१०. दाजी वर चढले ८.३० ला.

सेफ्टीवाला

हा फोटो जपा! चार ठिकाणी कॉपी करून ठेवा. आमचा माणूसच नाही म्हणणाऱ्या कंपनीनं स्वतः परमिट दिलंय, म्हणजे काम त्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं. आणि टिकमार्कचं काय बोलायचं, मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसात बसून असे टिकमार्क मारलेत. खोटं कशाला सांगू.

निवांत

नवीन लेबर कोड आले ना आता? जुना कायदा गेला असं पेपरात वाचलं, मग केसचं काय?

काळा_कोट

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या. भरपाईचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण वाठारकरांचा अपघात जूनचा आणि दावा सप्टेंबरचा, त्यामुळं तो जुन्याच कायद्यानं चालेल. नवीनमध्ये हिशोबाची पद्धत साधारण तीच आहे, घरून कामावर जाता-येतानाचा अपघात पण आत घेतलाय. मला महत्त्वाचं वाटतं ते सुरक्षेच्या संहितेत आहे, मालकानं कर्तव्य मोडल्यामुळं मृत्यू झाला तर किमान ५ लाख दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निम्मा तरी भाग वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. हा भरपाईच्या वर. आधी दंड साधारणपणे सरकारच्या तिजोरीत जायचा. प्रत्यक्षात किती होतंय ते बघू, इन्स्पेक्टरला आता इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर म्हणायचं, नाव मात्र छान आहे.

रिकामटेकडा

वाठारकर, पहिल्या प्रतिसादात मी जे लिहिलं ते तसंच राहू दे, एडिट करत नाही. पण दीड लाख घ्या म्हणालो होतो ते चुकलं. पुढची तारीख कधी?

वाठारकर

जानेवारीत. ठेकेदाराचा फोन आला होता, चार लाख म्हणतोय आता, म्हणजे न मागता अडीच लाख वाढले. वकीलबाई म्हणाल्या द्यायचे तर कोर्टात भर म्हणावं.

दाजी आता काठीवर आलेत, वॉकर सुटला. परवा त्याच शेडवर राहिलेलं काम परत निघालं, जोडीदारानं फोटो पाठवला, यावेळी छताखाली जाळी बांधलीय म्हणे. दाजी तो फोटो मोठा करून करून बघत बसले होते. मी म्हटलं काय बघताय, तर म्हणाले, लय खाली बांधलीय, पत्र्याला चिकटून पाहिजे. मग जोडीदाराला फोन लावला आणि अर्धा तास त्याला जाळी कुठनं कशी बांधायची ते सांगत होते.